कालवणाला आधणाचंच पाणी

तुझ्या प्रश्नातून मला समजलं ते असं. माहेर विट्याचं, नोकरी हिंजवडीला. खोलीत एकच शेगडी, तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक पातेलं. घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात. बाहेरच्या खाण्याचा वीट आलाय. आईनं दिलेली चटणी डब्यात आहे, तीच घालतेस, तरी कालवण घरच्यासारखं लागत नाही. दमून आल्यावर, ताप उतरल्यावर किंवा नुसतीच घरची सय आली की करता येईल असं काहीतरी हवंय, आणि वर एखादं गोड.

मी सांगलीत विश्रामबागेत कॉलेजच्या पोरापोरींची खानावळ चालवते. घर सोडून आलेली पोरं काय मागतात ते रोज दिसतं. पनीर केलं की कौतुकानं खातात, वाढून घेतात. पण परीक्षेच्या दिवसांत, पोट बिघडल्यावर, घरून फोन येऊन गेल्यावर मागतात ते गरम आणि पातळ. भातावर ओतता येईल, भाकरी कुस्करता येईल असं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा निवारा केंद्रांत बिस्किटं, फरसाण, पुऱ्या, केळी ढिगानं येत होती. आम्ही आमटी-भाताची पातेली घेऊन गेलो, तर म्हाताऱ्या माणसांनी भात बाजूला सारला आणि आधी वाटीभर आमटी मागून घेतली. म्हणून तुला सुक्या भाज्या सांगतच नाही. त्या तुझ्या तुला जमतील.

आता चव का बिघडते ते बघू. चटणीत खोट नसणार. आपल्याकडची कांदा-लसणाची चटणी म्हणजे नुसतं तिखट नव्हे. तिच्यात खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला भाजून आणि कांदा-लसूण तळून घातलेला असतो, मग ती डंकावर कुटून आणतात. म्हणजे तिचं भाजणं आधीच झालंय. तिला कांद्याबरोबर पाच मिनिटं परतत बसलीस की तीळ-खोबरं करपतं, कालवण काळपट आणि कडसर होतं. मग तू ते झाकायला टोमॅटो वाढवणार, टोमॅटोचा आंबटपणा मारायला साखर घालणार, आणि ताटात येणार ती हॉटेलची ग्रेव्ही.

असं कर. कांदा, लसूण, जे काय परतायचं ते आधी पुरतं परतून घे. शेवटी गॅस अगदी बारीक कर, चटणी तेलात टाक, दोनदा उलथनं फिरव, आणि तिचा वास वर आला की लगेच पाणी ओत. हे पाणी आधणाचं हवं, म्हणजे खळखळ उकळलेलं. मिरचीचा आणि हळदीचा रंग उतरतो तो तेलात. उकळी न मोडता पाणी पडलं तर तेच रंगलेलं तेल वर येतं आणि कट धरतो. नळाचं गार पाणी ओतलंस की कढई थंडावते, परत उकळी यायला दहा मिनिटं जातात, तोवर चटणी तळाशी बसून राहते. मग कालवण दिसायला लाल, पण खायला पाणी एकीकडं आणि तिखट एकीकडं. तुझ्याकडं शेगडी एकच आहे, म्हणून फोडणीच्या आधी पाणी तापवून थर्मासमध्ये ओतून ठेव, नाहीतर चहाची विजेवरची किटली वापर. शिजवताना वरून जितक्या वेळा पाणी घालशील तितक्या वेळा ते गरमच घाल. बहुतेक जणींचं कालवण एवढ्यानंच सुधारतं.

आता पदार्थ. सगळ्यात वर माझ्या मते चकोल्या. डाळ, चपाती आणि कालवण एकाच पातेल्यात, भांडी दोनच, आणि चावायला जवळजवळ काही नाही. तुझ्या एकटीच्या दोन वेळांना पुरतील असं माप देते.

अर्धी वाटी तूरडाळ धुऊन दीड वाटी पाणी, पाव चमचा हळद आणि थेंबभर तेल घालून कुकरला लाव. चार शिट्ट्या पुरतात. जुनी, वर्षभर पडून राहिलेली डाळ असेल तर सहा करूनही ती दाण्यादाण्याची राहील. तो तुझा दोष नाही, डाळ बदल. हळद चांगली असेल तर पाव चमच्याच्या वर जाऊ नको. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून काही कालवणात जास्त मानवत नाही, उलट कडू लागते. डाळ शिजतेय तोवर वाटीभर कणीक घे. त्यात चमचाभर बेसन, पाव चमचा ओवा हातावर चोळून, चिमूटभर हळद, अर्धा चमचा चटणी, मीठ आणि चमचाभर तेल घालून चपातीपेक्षा घट्ट मळ. कुकरची वाफ जिरेपर्यंत झाकून ठेव. हा विसावा चुकवू नको. पीठ मुरलं नाही तर लाटताना मागं ओढतं आणि चकोली जाड राहते.

पातेल्यात दोन मोठे चमचे तेल. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, आणि आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून. लसूण सोनेरी होऊ दे, तपकिरी नको. गॅस बारीक, दीड चमचा चटणी, वास आला की घोटलेली डाळ आणि आधणाचं पाच वाट्या पाणी. पाच ऐकून भिऊ नको. ही आमटी तुला पाण्यासारखी वाटली पाहिजे, कारण चकोल्या शिजताना कणकेचा पिठूळपणा सुटतो आणि सगळं आपोआप दाट होतं. बेताचं पाणी घातलेल्यांच्या चकोल्यांचा शेवटी गोळा होतो. मीठ घाल. चिंचेची दोन बुटुकं कोमट पाण्यात कोळून घाल आणि सुपारीएवढा गूळ. आंबट घालायचं ते डाळ पुरती शिजल्यावरच. आधी पडलं तर डाळीचा दाणा मऊ होणं थांबतं. कुकरमध्येच टोमॅटो नाहीतर आमसूल टाकून देणाऱ्यांची डाळ म्हणूनच कचकचीत राहते.

आमटी खळखळली की पिठाची पातळ चपाती लाटून सुरीनं शंकरपाळीच्या आकाराचे तुकडे कर आणि चार-पाच चार-पाच असे सोड. एकदम सगळे टाकलेस तर उकळी मोडते आणि ते एकमेकांना चिकटतात. टाकताना मोठी आच, सगळे पडले की मध्यम, आणि दहा-बारा मिनिटं अर्धवट झाकण. एक तुकडा चमच्यानं कापून बघ: मध्ये पांढरी रेघ दिसली तर अजून कच्चा आहे. कोथिंबीर. वाढताना वरून कच्चं शेंगतेल घाल. तूप घालणारे पुष्कळ आहेत, चालतं. पण लसणाच्या फोडणीवर घाण्याचं शेंगतेलच शोभतं असं माझं मत, आणि त्याबद्दल माझं घरातही भांडण आहे. उरलेल्या चकोल्या सकाळी दगडासारख्या घट्ट होतील. त्यात परत आधणाचं वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ, लिंबू. काही जणांना त्या शिळ्याच जास्त आवडतात.

दुसरा पदार्थ अख्खा मसूर. कराडपासून पेठनाक्यापर्यंत महामार्गावर ज्या ढाब्यावर उतरशील तिथं ही पाटी दिसते, त्यामुळं तुला चव माहीत आहे. घरी करताना लोक दोन गोष्टींत फसतात. एक म्हणजे मसूर पिचतो. वाटीभर अख्खा मसूर सकाळी कामावर जाताना भिजत घाल, रात्री कुकरला एकच शिट्टी काढ, गॅस बंद कर आणि वाफ आपोआप जिरू दे. दाणा बोटात दाबल्यावर चिरडला पाहिजे, पण पातेल्यात अख्खा दिसला पाहिजे. दुसरं म्हणजे तेल. ढाब्यावर जी चव लागते त्यात तेलाचा वाटा मोठा आहे. तू निम्मं घाल, पण चमचाभरात होणारा हा पदार्थ नव्हे. तीन मोठे चमचे तेल, दोन कांदे अगदी बारीक चिरून, ते चांगले लालसर होईपर्यंत, म्हणजे बारीक आचेवर पंधरा मिनिटं. इथं घाई केलीस तर पुढं काहीही करून उपयोग नाही. मग आलं-लसणाचा ठेचा, एक टोमॅटो, तो पार विरघळू दे, दोन चमचे चटणी आणि लगेच मसूर त्याच्या पाण्यासकट. मसुराचं ते पाणी ओतून देऊ नको. वर लागेल तसं आधण. दहा मिनिटं मंद उकळू दे, मग झाकून दहा मिनिटं नुसतं ठेव. कसुरी मेथी, क्रीम, लोणी यांतलं काही घालायचं नाही. तंदुरी रोटी मिळाली तर बरी, नाहीतर ज्वारीची भाकरी.

भाकरी येत नसेल तर सरळ विकत आण. पुण्यात भाकऱ्या करून देणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसानं रात्री नऊला परातीपुढं बसून रडावं असं त्यात काही नाही. शिकायचीच असेल तर सुट्टीच्या दिवशी शीक आणि पीठ उकळत्या पाण्यात भिजव. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पिठाला धरून ठेवतो तो गरम पाण्यानं फुललेला चिकटपणाच. पीठ ताजं दळलेलं हवं. जुनं झालं की भाकरी तव्यावर टाकेपर्यंतच भेगाळते.

पावसात भिजून आलीस, नाक गळतंय, अशा वेळी हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, माडगं. जत, आटपाडी, माण, खटाव या कमी पावसाच्या तालुक्यांतला हा पदार्थ. तिथं हुलगा पिकतो, आणि दूध-भाजीची चैन नसलेल्या घरांत यावर थंडी काढलेली आहे. हुलगे खडे निवडून, कोरडे, खमंग वास येईपर्यंत भाजून दळून आण. अर्धा किलोचं पीठ तुला महिनाभर पुरेल. पाव वाटी पीठ घे आणि ते वाटीभर गार पाण्यात कालव. वर मी आधणाच्या पाण्याचा एवढा आग्रह धरला, पण इथं गारच लागतं: कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं की बाहेरून शिजून त्याच्या गुठळ्या होतात आणि आत पीठ कोरडंच राहतं. पातेल्यात चमचाभर तेल, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, एखादी हिरवी मिरची किंवा पाऊण चमचा चटणी, दोन वाट्या आधणाचं पाणी, मीठ, एक आमसूल. उकळी आली की कालवलेलं पीठ एका हातानं बारीक धारेनं सोडत दुसऱ्या हातानं ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत त्याला तकाकी येते आणि पळीवरून ते सलग धारेत पडतं. तेव्हा झालं. वाटीत घेऊन फुंकून प्यायचं नाहीतर भाकरी चुरून खायचं. निवलं की घट्ट होतं, म्हणून खाणारं माणूस पानावर बसल्याशिवाय गॅसवरून उतरवत नाहीत.

तापातून उठल्यावर मात्र यातलं काही नको, लसूण आणि चटणी चार दिवस लांब. अर्धी वाटी तांदूळ, चमचाभर मूगडाळ, साडेतीन वाट्या पाणी, मीठ, कुकरला मंद आचेवर चार शिट्ट्या. पळीनं घोट, वर चमचाभर तूप, मेतकूट असेल तर मेतकूट. एवढंच.

तू घेवड्याबद्दलही विचारलंयस. कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळाला तर जरूर घे, त्याची आमटी आपोआप दाट होते आणि मसालाही फार मागत नाही. फक्त रात्रभर भिजव, भिजवलेलं पाणी फेकून दे आणि कुकरमध्ये पुरता शिजव. राजम्याच्या जातीचे दाणे अर्धेकच्चे पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात, त्यामुळं इथं ‘थोडा कचकचीत राहिला तर राहू दे’ चालत नाही.

आता गोड. रोजच्यासाठी मलिदा. सकाळच्या दोन चपात्या मिक्सरमधून जाडसर फिरव, दोन चमचे किसलेला गूळ, दीड चमचा गरम तूप, असली तर वेलची. हातानं चोळून लाडू वळ किंवा तसाच वाटीतून खा. रात्री अकरा वाजता काहीतरी गोड हवंय, तर पाच मिनिटांत होतो. चपात्या नरम हव्यात. कडक झालेल्या असतील तर मिक्सरमधून काढल्यावर दुधाचा हबका मारून झाकून ठेव.

सुट्टीच्या दिवशी खपलीची खीर कर. यासाठी मी खरंच आग्रह करीन, कारण एकदा केली की आठवडाभर तुझी सोय. खपली हा आपल्या कृष्णाकाठचा जुना गहू. त्याचं टरफल दाण्याला घट्ट धरून असतं, साध्या मळणीनं सुटत नाही, म्हणून तो सडावा लागतो, म्हणजे कांडून टरफल काढावं लागतं. दुकानात खिरीसाठी सडलेली खपली म्हणून माग, नाहीतर टरफलासकट पदरात पडेल आणि कितीही शिजवली तरी घशाला टोचेल. मिरज, सांगली, शिरोळ, पलीकडं चिकोडीपर्यंत जत्रेच्या आणि लग्नाच्या पंगतीत ही असतेच, काही घरांत हिलाच हुग्गी म्हणतात.

वाटीभर खपली आणि दोन चमचे तांदूळ रात्री भरपूर पाण्यात भिजव. किमान दहा तास. सकाळी निथळून चार वाट्या गरम पाणी आणि अर्धा चमचा तूप घालून कुकरला लाव. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग गॅस बारीक करून पस्तीस मिनिटं. तीन लिटरच्या कुकरमध्ये याहून जास्त घालू नको, फेस येऊन शिट्टीतून बाहेर पडतो. वाफ जिरल्यावर एक दाणा दोन बोटांत चिरड. पार लगदा झाला पाहिजे. झाला नसेल तर अजून दहा मिनिटं, आणि तो होईपर्यंत गुळाला हात लावायचा नाही. गूळ पडल्यावर दाणा जिथल्या तिथं अडतो, मग तू दुपारपर्यंत शिजवलीस तरी मऊ होणार नाही. खानावळीतल्या नव्या मुलींना मी आधी हेच शिकवते.

शिजलेली खपली पळीच्या पाठीनं अर्धवट चेच. निम्मी मोडलेली, निम्मी दाण्याची हवी. रवीनं पार घोटणारे आहेत, पण मग तिची लापशी होते. आता सव्वा वाटी चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ. गूळ आधी पाणी सोडतो, घाबरू नको. मंद आचेवर पंधरा मिनिटांत खीर परत सावरते. तळाला लागते, म्हणून जवळ उभं राहावं लागतं. वेगळ्या कढल्यात दोन चमचे तुपात सुक्या खोबऱ्याचे पातळ काप गुलाबी कर, त्यातच खसखस आणि मूठभर बेदाणे टाक. बेदाणे फुगून गोल झाले की लगेच खाली उतरव, क्षणभरानं ते काळे पडतात. बेदाण्यासाठी जास्त पैसे मोजू नको. तासगाव-सांगलीच्या सौद्यांत भाव ठरतो तो बराचसा रंगावर आणि लांबीवर, आणि खिरीत गेल्यावर दोन्हींचं काही उरत नाही. शेवटी वेलची, जायफळ, सुंठ, आणि अर्धा चमचा बडीशेप जाडसर कुटून. बडीशेप विसरू नको. तिच्याशिवाय ही खीर सांगलीची लागत नाही, नुसती गव्हाची लागते.

दूध आत घालून उकळायचं नाही. गुळात आंबटपणा असतो, तापलेल्या गुळात दूध फाटतं. वाटीत गरम खीर घे, वरून तूप, आणि शेजारी कोमट दूध. खाताना हवं तेवढं ओतून घे. नारळाचं दूध घालणारे लोक आहेत, ते गॅस बंद केल्यावर घालतात. चवीला ते छान लागतं, पण अशी खीर दुसऱ्या दिवशी संपवावी लागते. तुझं माप आठवड्याचं, म्हणून तू ते टाळ.

गावी जाशील तेव्हा तीन वस्तू घेऊन ये: सडलेली खपली, भाजून दळलेलं हुलग्याचं पीठ आणि घाण्याचं शेंगतेल. बाकी सगळं हिंजवडीत मिळतं. चटणीचा मोठा डबा फ्रीजमध्ये ठेव आणि रोजच्या वापराला आठवड्यापुरतीच लहान बरणीत काढ. तिच्यात खोबरं आणि तेल असतं, ओट्यावर सहा महिने उघडझाप झाली की ती खवट होते, आणि खवट चटणीला आधणाचं पाणीही वाचवू शकत नाही. खपली कोरड्या बरणीत नीट राहते, फक्त पावसाळ्याआधी एक ऊन दे. उरलेली खीर फ्रीजमध्ये थिजून घट्ट होईल. तिच्यात थोडं आधणाचं पाणी घालून मंद आचेवर मोकळी कर, आणि दूध मात्र तेव्हाही वाटीतच.